‘समुपदेशन म्हणजे घर मोडण्याचा धंदा’ या संदेशाला उत्तर

यवतमाळ-वाशीम भागातील बचत गटांच्या आणि भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. समुपदेशक जुन्या जखमा उकरून माणसाला अधिक आजारी करतात, नवरा-बायकोला वेगळे करतात, घरातली गोष्ट गावभर करतात, नुसत्या बोलण्याचे पैसे उकळतात आणि शेतकरी कुटुंबाला या शहरी चोचल्यांची गरजच नाही, असे पाच आरोप त्यात आहेत. हा संदेश माझ्या मामेबहिणीच्या गटावर आला आणि तिने समुपदेशकाशी ठरलेली भेट रद्द केली, म्हणून हे उत्तर.

२०१७ च्या फवारणी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची विषबाधा होऊन जे शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यांत तिचा नवरा होता. आज मुलगा कर्ता झाला आहे. पण पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी सुरू झाली की ती त्याला धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) माघारी बोलावते, पंप लपवून ठेवते, रात्रभर जागी राहते. मुलाला हा अविश्वास वाटतो आणि मायलेकांचे बोलणे बंद पडते. पुष्कळ समजावल्यानंतर ती समुपदेशकाकडे जायला तयार झाली होती.

जखमा उकरण्याचा आरोप सर्वांत घातक आहे, कारण ज्यांना मदतीची खरी निकड आहे तीच माणसे त्याने मागे फिरतात. आघातावर, म्हणजे मन हादरवून टाकणाऱ्या भयंकर अनुभवाच्या परिणामांवर, काम करणारा प्रशिक्षित तज्ज्ञ पहिल्याच भेटीत ‘त्या दिवशी काय घडले ते सांगा’ असे म्हणत नाही. झोप लागते का, जेवण जाते का, घरात आजही मारहाण किंवा धाक आहे का, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे तो आधी विचारतो. छाती धडधडू लागली, हातपाय गार पडले, तर श्वास संथ करून, पाय जमिनीवर टेकवून, भोवतालच्या वस्तूंकडे लक्ष नेऊन भानावर कसे यायचे, याचा सराव करून घेतला जातो. फवारणीच्या औषधाच्या वासाने शरीर आजही त्याच दिवशी असल्यासारखे का वागते, हे समजावले जाते. आपल्याला वेड लागलेले नाही, एवढे कळल्यानेही अनेकांना मोठा धीर येतो. हा पाया पक्का झाल्यावर आणि त्या व्यक्तीची तयारी असेल तरच आठवणीकडे वळायचे असते, तेही तिच्या गतीने. नको वाटले की थांबण्याचा अधिकार तिचाच राहतो. सुरक्षित जागी ती आठवण पुन्हा पुन्हा सांगता सांगता ‘हे घडले होते, आता घडत नाही’ हे मनासोबत शरीरालाही उमगू लागते.

नात्यांचे काम याच्यापासून वेगळे नसते. पंप लपवण्याच्या आधीच्या क्षणी मनात नेमके काय आले, हे माझ्या बहिणीला कुणी शांतपणे विचारले, तर ‘जाऊ नको’ या हुकमामागची भीती तिला स्वतःला दिसेल आणि ती भीती मुलाला सांगता येईल. तिची संमती असेल तर एखाद्या भेटीत मुलालाही बोलावता येते. तिची जखम दर हंगामात फवारणीच्या वासाने उघडी पडतच आहे. त्यासाठी कोणत्याही समुपदेशकाची वाट पाहावी लागलेली नाही.

जखमा उकरण्याच्या आरोपात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागेल. दुर्घटनेनंतर लगेच माणसाला बसवून सगळे बोलायला लावण्याची पद्धत वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. परंतु त्याच सूचनांत, आघातोत्तर तणावविकार (घटना सरल्यावरही तिची भीती आणि आठवणी पाठ सोडत नाहीत असा आजार) जडलेल्या प्रौढांसाठी आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार (त्या घटनेविषयीचे विचार आणि वागणे बदलायला मदत करणारे उपचार) आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणीवर केले जाणारे उपचार सुचवले आहेत. संदेश लिहिणाऱ्याने अर्धी बाजू उचलली आणि लोकांना उपचारांपासून तोडले, याची चीड येते.

नवरा-बायकोला वेगळे करण्याविषयी: सोबत राहायचे की नाही, हे समुपदेशक ठरवत नाही. मात्र मारहाण चालू असेल तर जाणकार समुपदेशक दोघांना समोरासमोर बसवण्याची घाई करत नाही, कारण खोलीत बोललेल्या शब्दासाठी बाईला घरी मार बसू शकतो. जीव वाचवायला ती माहेरी गेली, तर ते घर हात उगारणाऱ्याने मोडलेले असते.

गुप्ततेची धास्ती मात्र मला समजते; लहान गावात दवाखान्याच्या बाकावर कोण बसले होते, हेही संध्याकाळपर्यंत कळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे; जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. तरीही मन घेत नसेल तर ओळखीच्या माणसांपासून दूर, जिल्ह्याच्या ठिकाणी जावे.

शेतकऱ्याला याची गरज नाही, या म्हणण्याला आपल्याच विदर्भाने उत्तर दिले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत २७.२ टक्के आढळले. तो अभ्यास नैराश्याचा होता, आघाताचा नव्हता. पण मदत गावापर्यंत आली की गावची माणसे ती घेतात, एवढे त्यातून निश्चित दिसते. आपल्या आज्यांनी सगळे सोसले, पण कुणाला काही सांगितले नाही, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. त्यांना विचारलेही कुणी नव्हते.

राहिला पैशांचा मुद्दा. खासगी शुल्क अनेकांना झेपत नाही आणि पुरेशा प्रशिक्षणाविना पाट्या लावणारेही आहेत. म्हणून शिक्षण कुठे झाले, आघाताच्या कामाचा अनुभव आहे का, हे आधी विचारावे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे पाहावे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात चौकशी करावी. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य, मराठीतून बोलता येते.