काळी माती उडत नाही म्हणता? ओटा झाडून बघा

उन्हाळा लागला की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तिघांनी टाकला. त्यात म्हटलंय की विदर्भातली धुळीची वादळं राजस्थानातून येतात, आपली काळी माती चिकट असल्यानं उडत नाही, दोष फक्त दुष्काळाचा असतो, आणि वावर उन्हाळ्यात जितकं भुसभुशीत कराल, तितकं पाणी मुरेल.

'धूळ राजस्थानची.' लांबून धूळ येते, हे खरं. २०२२च्या जानेवारीत पाकिस्तानाकडून आलेल्या धुळीनं मुंबईचं आभाळ झाकोळलं होतं. पण आपल्याकडे मे महिन्यात दुपार कलल्यावर ढग दाटतात, त्यातून गार वारा जमिनीवर आदळतो आणि आपल्याच शिवारातून धुळीची भिंत उठते. मागच्या वादळानंतर आईनं ओट्यावरची धूळ सुपात भरली. त्यातली मूठभर घेऊन मी पाणी शिंपडलं. काळाभोर चिखल झाला, बोटांना चिकटून बसला आणि वाळल्यावर त्याला भेगा पडल्या. वाळवंटातल्या रेतीला अशा भेगा पडत नाहीत. अमेरिकेतल्या मैदानी राज्यांत १९३०च्या दशकात अशीच धुळीची वादळं उठायची, तेव्हा तिथले लोक रंगावरूनच ओळखायचे, काळी धूळ कॅन्ससची, तांबडी ओक्लाहोमाची.

'काळी माती उडत नाही.' ओली असताना नाही उडत. पूर्ण वाळली की तिचे वरच्या थरात रव्यासारखे कण होतात. वारा आधी हे कण उचलतो. ते टुणटुण उड्या मारत पुढे जातात, आपटतात आणि त्या माऱ्यानं मैद्यासारखी बारीक माती वर उडते. ढेकूळ असेल तर कण त्याच्या आडोशाला अडकतो. आपण ढेकूळच फोडून ठेवतो.

'दोष दुष्काळाचा.' इथे थोडं थांबायला हवं, कारण हे अर्धं खरं आहे. अमेरिकेच्या त्या मैदानांवर १८९०च्या दशकातही दुष्काळ पडला होता. पण तेव्हा बराचसा माळ गवताखाली होता आणि मुळांनी माती धरून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, पुढे ट्रॅक्टर आले, आणि लाखो एकर गवत उलथून गहू पेरला गेला. नांगर फिरला की त्यामागे पाऊस येतो, असं तिथल्या लोकांना आधीपासून सांगितलं गेलं होतं. मग भाव कोसळले, रानं उघडी पडली आणि त्यावर दुष्काळ आला. १४ एप्रिल १९३५ला, रविवारी, धुळीनं भर दुपारी अंधार झाला. त्याच महिन्यात २७ तारखेला मृदसंधारणाचा कायदा झाला, आणि १९४२पर्यंत वारा अडवायला सुमारे २२ कोटी झाडं लावली गेली. दुष्काळ त्यांच्या हातात नव्हता. जमीन उघडी ठेवायची की झाकायची, हे मात्र होतं.

'भुसभुशीत वावरात पाणी मुरतं.' नांगरटीला माझा विरोध नाही. उन्हाळी नांगरटीची मोठी ढेकळं वाऱ्यालाही अडवतात आणि पहिला पाऊसही पितात. घात होतो तो मार्च-एप्रिलमध्ये रोटावेटर फिरवून पीठ करण्यात. त्या पिठावर पहिली सर पडली की पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायच्या ऐवजी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नाल्यात जातं. दोन वर्षांपूर्वी आम्हीही हेच केलं होतं. जूनमध्ये पापुद्र्याखाली सोयाबीनचे कोंब वाकडे होऊन अडकले. मी ते नखानं मोकळे करत बसलो होतो.

मेसेजच्या शेवटी 'काडीकचरा पेटवा, कीड मरते' असंही आहे. बोंडअळीसाठी कपाशीची पऱ्हाटी वेळेत उपटून वावराबाहेर काढायलाच हवी. पण सोयाबीनचं कुटार, गव्हाची धसकटं कशाला जाळायची? उन्हाळ्यात मातीवर तेवढंच तर पांघरूण असतं.

मेसेज टाकणाऱ्यांत माझे एक काकाजी आहेत, म्हणून हे त्यांनाच सांगतो. काकाजी, आपल्या दोघांच्या मधला धुरा मागच्या वर्षी जेसीबीनं सपाट केला, पिकाची चार तासं वाढावीत म्हणून. त्यावर दोन निंब आणि बाभळींची रांग होती, पश्चिमेच्या वाऱ्याला आडवी. आईच्या सुपातली माती तुमच्या वावरातली आहे, आणि माझ्याही. पाऊस पडला की धुरा परत घालू. रोपं मी आणतो.