"दत्तक मुलाला सांगू नका" म्हणे!

परवा ताईचा फोन आला, आवाज रडवेला. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मावशींनी तिला तो फिरणारा फॉरवर्ड पाठवलेला. त्यात चार मुद्दे: मुलाला दत्तक असल्याचं कधीच सांगू नका, लहानपणीचं त्याला काही आठवत नसतं, जुन्या गोष्टी काढल्या की जखम चिघळते, आणि शेवटी रक्त रक्ताकडेच जातं. आमची भाची तीन वर्षांची असताना ताईकडे दत्तक आली, आता सहाची आहे. मावशींना हे सगळं माहीत असून पाठवलं, कमाल आहे.

आधी "आठवत नाही" बघू. सिनेमासारखं आठवत नाही, ठीक आहे, मान्य. पण ही पोरगी पहिले कितीतरी महिने अर्धी पोळी उशीखाली ठेवून झोपायची, ते कुणी शिकवलं तिला? रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० पासून अनाथालयातल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास झालाय, चिठ्ठ्या काढाव्यात तशी निम्मी मुलं निवडून सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवली, आणि ती बाकीच्यांपेक्षा सावरली, त्यातही दोन वर्षांची व्हायच्या आत घर मिळालेली जास्त. म्हणजे आधीचं राहतंच आत कुठेतरी, पण घर मिळालं की भरूनही येतं.

"सांगू नका"वर तर माझं डोकंच फिरलं. बडोद्यात राहून हे बोलता? सयाजीराव महाराज १८७५ साली बाराव्या वर्षी कवळाण्याहून दत्तक आले, सगळ्या संस्थानाला माहीत होतं, काय बिघडलं? बरं, राजवाड्याचं सोडा. दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था आहे ना, 'कारा' (CARA), तिच्या नियमांप्रमाणे १८ पूर्ण झाले की मूल स्वतः आपल्या मुळाचा शोध घ्यायला अर्ज करू शकतं. आणि त्याच्या कितीतरी आधी कुठल्यातरी लग्नात कुणीतरी काकू कानात सांगणारच की!

ताई रोज रात्री "तू आलीस तेव्हा"ची गोष्ट सांगते. रिक्षा, पाऊस, आजीने ओवाळलं, तेच तेच. परवा ताई चुकून लाल फ्रॉक म्हणाली तर अर्धवट झोपेतून आवाज आला, "पिवळा होता, नीट सांग ना." चिघळलेली जखम अशी असते होय? हां, मूल गप्प झालं, घाबरलं तर ताणू नये, लागलं तर समुपदेशकाकडे जावं, एवढं त्या फॉरवर्डच्या बाजूने.

रक्ताचं काय बोलायचं, १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मूल दत्तक घेतल्या दिवसापासून त्याच घरचं.

हे सगळं ग्रुपवरच लिहिलं. मावशींनी हात जोडलेला इमोजी टाकला, आणि लगेच खाली कोमट पाणी आणि लिंबाचा नवा फॉरवर्ड.