भाच्या, मामा सोबत असला तरी गाईड लागतोच

नाशिकहून ताईचा फोन आला, तेव्हा इथे अलास्कात, अँकरेजमध्ये सकाळचे साडेसहा वाजले होते. "अरे, तो पुढच्या वर्षी तुझ्याकडे अस्वलाच्या शिकारीला येतोय म्हणे. तू बरोबर असणार, म्हणून मला काही काळजी नाही." मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भाच्याला ह्यूस्टनला फोन लावला. त्याने उत्तर म्हणून एक मेसेज पाठवला : 'अलास्कात अस्वलाची शिकार : गाईडवर पैसे का उधळू नयेत'. हाच मेसेज आधी इथल्या मराठी मंडळींच्या दोन गटांत आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. ती चूक झाली. आता ओळ न् ओळ वाचलाय. हा मेसेज ज्याने लिहिला तो कधी अल्डरच्या झुडपांच्या जाळीत शिरलेला नाही, हे मी खात्रीने सांगतो.

पहिला मुद्दा असा : 'गाईडची सक्ती कागदावरच आहे. अलास्कात राहणारा नातेवाईक बरोबर असला की झालं. मामा, काका, चुलतभाऊ, कुणीही चालतो.'

यातलं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यामुळेच माझा भाचा फसला. अलास्काच्या कायद्यातलं कलम १६.०५.४०७ म्हणतं की राज्याबाहेरच्या माणसाला तपकिरी अस्वल (ग्रिझली त्यातच आलं), डोंगरी बकरा किंवा डॉल मेंढा मारायचा असेल, तर परवानाधारक गाईड प्रत्यक्ष सोबत हवा. गाईड नसेल तर अलास्काचा रहिवासी असलेला, १९ वर्षांवरचा, दुसऱ्या पायरीपर्यंतचा नातेवाईक हवा. ही दुसरी पायरी कुठे संपते, तेच मेसेजवाल्याने पाहिलेलं नाही. आईवडील, नवरा-बायको, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं, सासू-सासरे, जावई, सून, मेहुणा, मेहुणी आणि सावत्र नाती एवढीच यादी आहे. मामा नाही. काका, मावशी, आत्या नाही. चुलतभाऊ, मामेभाऊ तर नाहीच नाही. आपल्याकडे चुलतभाऊ म्हणजे भाऊच. फॉर्मवर 'ब्रदर' लिहिताना कुणाचा हात अडखळत नाही. पण तो फॉर्म इथल्या कायद्याने वाचला जातो. माझ्या भाच्याने माझ्या भरवशावर अस्वल मारलं, तर ती बेकायदा शिकार ठरेल. ते कातडं घेऊन तो टेक्ससला उतरला, की लेसी कायद्याखाली (बेकायदा मारलेलं जनावर राज्याबाहेर नेण्याविरुद्धचा केंद्राचा कायदा) तो केंद्राचाही गुन्हा होईल.

आणखी एक. नाशिकहून दाजींनाही बोलवायचा त्याचा बेत आहे, कारण मेसेजात 'भारतातून आलेले पाहुणेही येऊ शकतात' असं लिहिलंय. दाजी माझे मेहुणे, म्हणजे वरच्या यादीत बसतात. पण ते परदेशी नागरिक आहेत आणि त्यांचं कायमचं घर अमेरिकेत नाही. अशांसाठी पुढचं कलम, १६.०५.४०८, लागू होतं : मोठं कुठलंही जनावर असो, काळं अस्वल असो की मूस हे मोठं हरीण, गाईड हवाच. तिथे नात्याची सवलतच नाही.

दुसरा मुद्दा : 'विमानाने सोडणारा तोच तुमचा गाईड. निम्म्याहून कमी पैशांत काम होतं.' नाही होत. तो ट्रान्सपोर्टर. त्याचा परवाना माणसं आणि सामान न्यायचा-आणायचा आहे. रानात तुमच्यासोबत जनावर शोधणं, माग काढणं, नेम धरायला मदत करणं त्याला मना आहे. तो तुम्हाला किनाऱ्यावर उतरवतो आणि ठरल्या दिवशी, हवा बरी असली तर, परत येतो.

तिसरा मुद्दा वाचून मी फोन बाजूला ठेवला. 'विमानातून वरूनच अस्वल हेरा, शेजारी उतरा, अर्ध्या तासात काम तमाम.' ज्या दिवशी तुम्ही लहान विमानाने उडालात, त्या दिवशी अस्वलावर गोळी झाडता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजेपर्यंत थांबावं लागतं. हा नियम इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतो, आणि तो कशासाठी आहे हे समजावून सांगावं लागू नये.

चौथा मुद्दा : 'काळ्या अस्वलाचा टॅग घ्या, त्याला गाईड लागत नाही. तपकिरी समोर आलं तर लांबून कोण ओळखतंय?' (टॅग म्हणजे त्या जनावरासाठी विकत घ्यायची खुणेची पट्टी.) अमेरिकी नागरिकाला काळ्या अस्वलासाठी गाईड लागत नाही, हे खरं. तरी दक्षिण-पूर्व अलास्काच्या काही भागांत गाईडशिवाय येणाऱ्या बाहेरच्यांना त्यासाठीही सोडतीत नाव लागावं लागतं. आता रंगाचं. काळं अस्वल दालचिनीच्या रंगाचं असू शकतं, तपकिरी अस्वल जवळजवळ काळं असू शकतं. ओळखायचं ते खांद्यावरच्या उंचवट्यावरून, चेहऱ्याच्या खोलगट ठेवणीवरून, पुढच्या पायांच्या लांब नख्यांवरून. दोनशे यार्डांवरून, पावसात, अस्वल चालत असताना हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. शिवाय मादीच्या मागे गवतात पिल्लं आहेत का, हेही पाहावं लागतं. पिल्लं आणि पिल्लांची आई मारायला बंदी आहे. तपकिरी अस्वलाचं दुसऱ्या वर्षातलं पिल्लूही पिल्लूच धरतात, आणि ते चांगलं मोठं दिसतं. जो मेसेज 'कोण ओळखतंय' म्हणतो, तो आईला मारून पिल्लं उघड्यावर टाकायला सांगतो.

पाचव्या मुद्द्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. 'अस्वल जखमी होऊन पळालं तर मागे जाऊ नका, सकाळी मेलेलं सापडतं. अंगावर आलंच तर मेल्याचं सोंग घ्या.'

चार वर्षांपूर्वी मी कोडियाक बेटावर गेलो होतो. शिकार माझ्या इथल्या एका मित्राची होती, आम्ही दोघं ओझी वाहायला. कोडियाकचा नर ६०० किलोच्याही वर जाऊ शकतो, हे वाचून माहीत होतं. मित्राची गोळी लागली, अस्वल एकदा वळलं आणि अल्डरमध्ये गेलं. अल्डर म्हणजे झाड म्हणावं असं झाड नाही. फांद्या उताराच्या दिशेने आडव्या वाढतात आणि चार हातांपलीकडचं दिसत नाही. रायफलची नळी दर पावलाला अडकते. आमच्यातला तिसरा पूर्वी बरीच वर्षं गाईडच्या हाताखाली काम केलेला. त्याने आम्हाला पाऊण तास खाली बसवलं. कुणी बोलायचं नाही. मग तो पुढे, मित्र त्याच्या उजवीकडे, मी मागे. पानांवरचं रक्त माझ्या कमरेच्या उंचीवर होतं. एके ठिकाणी तो थांबला, बोटाने पान वळवून पाहिलं आणि मागाच्या रेषेवरून बाजूला सरकला. वळसा घालून आम्ही वरच्या अंगाने आलो, तेव्हा अस्वल दिसलं. स्वतःच्याच मागाकडे तोंड करून पडलं होतं, ज्या वाटेने आम्ही सरळ गेलो असतो त्या वाटेकडे. मेलेलं होतं. मेलेलं नसतं तर काय झालं असतं, हे त्या रात्री तंबूत आम्हा तिघांपैकी कुणीच बोललं नाही.

त्या तिसऱ्याला ते बाजूला सरकणं मेसेजातून कळलेलं नव्हतं.

'सकाळी सापडतं' असं म्हणणाऱ्याने हेही ऐकावं की कोडियाकवर जखमी करून गमावलेलं अस्वलही तुमच्या खात्यात मोजलं जातं. त्या हंगामी वर्षात दुसरं मारता येत नाही. आणि ते जनावर रात्रभर तडफडतं. मेल्याचं सोंग हा सल्ला अवचित गाठ पडलेल्या, आपला बचाव करणाऱ्या तपकिरी अस्वलासाठी आहे : पालथं पडा, हात मानेवर बांधा. काळ्या अस्वलाने हल्ला केला तर उलट झुंजायचं असतं. गोळी लागलेलं अस्वल या दोन्हींत बसत नाही. शाळेत ऐकलेल्या गोष्टीतल्या अस्वलासारखं ते हुंगून निघून जाणार नाही.

शेवटचा मुद्दा, 'गाईड म्हणजे लूट'. इथे मला थोडं मान्य करावं लागतं. कोडियाकवर गाईडसह शिकार वीस हजार डॉलरच्या सहज पुढे जाते, आणि बाहेरच्याचा परवाना (१६० डॉलर) नि तपकिरी अस्वलाचा टॅग (१,००० डॉलर) वेगळा. या धंद्यात मक्तेदारी होती हेही खरं; १९८८ मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने गाईडांना ठरावीक मुलूख आंदण देणारी पद्धत घटनाबाह्य ठरवली. आणि सक्ती निव्वळ सुरक्षेसाठी म्हणावी, तर इथे सलग १२ महिने राहिलेला कुणीही एकटा अस्वलामागे जाऊ शकतो. मीही जाऊ शकलो असतो, आणि तेव्हा मला अस्वलाचा ताजा माग आणि शिळा माग यांतला फरकही कळत नव्हता. हा कायद्यातला दोष आहे, मी तो झाकत नाही. पण म्हणून ह्यूस्टनहून आलेल्या पोराला त्याच अज्ञानात पाठवायचं? भाच्याने टेक्ससात मचाणावर बसून हरणं मारली आहेत, मक्याच्या दाण्यांवर येणारी. तो नेमबाज चांगला आहे. नेम हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

गाईड घ्यायचाच तर डोळे मिटून घेऊ नये, एवढंही सांगतो. राज्याच्या बिग गेम कमर्शियल सर्व्हिसेस बोर्डाकडे प्रत्येक गाईडचा परवाना तपासता येतो. तो ज्या भागात नेणार म्हणतो, त्या भागासाठी त्याची नोंदणी आहे का ते विचारा. करार लेखी हवा. जखमी जनावरामागे कोण जाणार आणि किती वेळ, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा; उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याला सोडा.

भाच्याला मी काल हे सगळं पाठवलं. तो म्हणाला, "मामा, मग तू येणारच नाहीस?" येणार आहे. गाईडची हरकत नसेल तर ओझं वाहायला. अस्वलाचं ओलं कातडं कवटीसकट शंभर पौंडांच्या वर भरतं आणि ते कुणाला तरी खाली आणावंच लागतं. शिकारीच्या सोडतीचे अर्ज नोव्हेंबरात सुरू होतात आणि १५ डिसेंबरला बंद होतात. कोडियाकच्या अर्जाआधी गाईडशी करार झालेला हवा, तेव्हा त्याने तोवर ठरवावं. ताईलाही फोन केला. तिला सांगितलं की मी बरोबर आहे म्हणून काळजी सोडू नकोस, गाईडचा परवाना क्रमांक कळल्यावर सोड.