डांबराच्या गोळ्या आणि एकास अठरा

कपाट उघडलं आणि आतून ट्रंकेचा वास आला. मॉडेल गाड्यांच्या काचेच्या कपाटाला असा वास यायचं काही कारण नव्हतं. मग खुलासा झाला. प्रत्येक फळीवर, दर दोन गाड्यांच्या मधे, मैलाच्या दगडासारखी एकेक डांबराची गोळी मांडलेली होती. आणि सगळ्या चाकांभोवती काहीतरी चकाकत होतं.

हा उद्योग मावशीच्या यजमानांचा. काका मुक्कामाला आहेत आणि रिकामी दुपार त्यांना सोसत नाही.

"तुझं एक काम करून ठेवलंय," ते खुर्चीतूनच म्हणाले.

"काका, या गोळ्या?"

"तूच म्हणालास ना, जुन्या गाड्यांना कीड लागते म्हणून? आता बघ, फिरकणार नाही."

"ती कीड म्हणजे किडा नव्हे हो. धातूच आतून सडतो."

"सडतो तो किड्यानेच ना? आपोआप कोण सडतं?"

"आणि चाकांना काय लावलंय?"

"शिलाई मशीनचं तेल. अरे, एक गाडी धड पळत नव्हती. जमिनीवर सोडून बघितल्या ना मी."

"सगळ्या?"

"सगळ्या. लाल तेवढी बरी आहे. निळीचा आरसा आधीपासूनच सैल असणार, हातात आला. तो बशीत ठेवलाय, हरवायला नको." मग जरा थांबून, काळजीच्या सुरात, "एवढ्या घेतल्यास, एकीला तरी किल्ली असलेली बघायचीस."

मी म्हटलं, या चालवायच्या नसतात, एकास अठरा प्रमाणातल्या हुबेहूब प्रतिकृती आहेत. काकांनी लगेच हिशेब मांडला, "म्हणजे किंमतही खऱ्या गाडीच्या अठरावा भाग?" नाही, म्हटलं, प्रमाण लांबीचं असतं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही अठरा पटींनी कमी, म्हणजे आकारमान ५८३२ पटींनी कमी. चौदाशे किलोची गाडी या हिशेबाने जेमतेम २४० ग्रॅम भरायला हवी. पण डायकास्ट म्हणजे ओतीव जस्ताची गाडी किलोच्या आसपास जाते. काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे दुकानदाराने वजनात जास्तच दिलं की!"

हसण्यावारी नेण्यासारखं आहे हे, नेलंही. पण त्याच घरात कुणाच्या दागिन्यांच्या डब्याला न विचारता हात लावला तर केवढं रामायण होईल? वाद्य असो, कॅमेरा असो, 'बघू का?' एवढं तरी माणसं विचारतात. चार चाकं दिसली की मात्र ते खेळणं, आणि खेळणं सार्वजनिक. वर, तुम्ही कपाळाला आठ्या घातल्या तर मनाने कोते तुम्हीच.

असो. आधी डांबराच्या गोळ्यांचं सांगतो. त्या हवेत विरतात आणि त्यांची वाफ गार पृष्ठभागावर पुन्हा बारीक स्फटिक होऊन बसते. जस्ताचं ती काही बिघडवत नाही, पण पॉलिस्टायरीनशी तिचं हाडवैर. गोळी चिकटून राहिली तर ते प्लॅस्टिक मऊ पडतं. आणि छोट्या गाड्यांच्या पारदर्शक डब्या आणि गाडीखालच्या बैठका बऱ्याचदा पॉलिस्टायरीनच्याच असतात. उपाय सोपा आहे. गोळ्या काढायच्या, दारं उघडी टाकायची आणि वास जाईपर्यंत थांबायचं. स्फटिक दिसले तरी पुसायचे नाहीत, ओरखडे पडतात. ते आपसूक उडून जातात.

तेल मात्र आपसूक जात नाही. ते धूळ धरतं, धुळीचा काळा लगदा होतो आणि तो धुऱ्यापासून टायरपर्यंत पसरतो. खऱ्या रबराचा टायर खनिज तेलाने फुगतो, मग रिमवर नीट बसत नाही. आधी टिश्यूचं टोक धुऱ्यापाशी नुसतं टेकवायचं, घासायचं नाही. कागद तेल ओढून घेतो. उरलेलं कापसाच्या काडीने काढायचं. काडी कोमट डिस्टिल्ड पाण्यात बुडवायची आणि त्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब. लगेच कोरडं करायचं, कारण धुरा बहुधा पोलादी असतो आणि त्याला गंज चढतो. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव यातलं काहीही नको. अंगावरची अक्षरं आणि पट्टे छापलेले असतात, ते पहिल्या पुसण्यात जातात. काच पुसायच्या अमोनियाच्या फवाऱ्यानेही घात होतो. प्लॅस्टिकच्या बंपरवरचा चंदेरी मुलामा अतिशय पातळ असतो, तो निघाला की खाली राखाडी प्लॅस्टिक उरतं.

आता आरसा. बशीतला. हाताला पहिलं लागतं ते सुपरग्लू आणि इथे तेच टाळायचं. त्याच्या वाफेने जवळच्या पारदर्शक भागांवर पांढरट धुकं चढतं, बंद डब्यात तर हमखास. पांढरा पाण्यातला गोंद टूथपिकच्या टोकावर घ्यायचा, टाचणीच्या डोक्याएवढा. आरसा टेकवायचा आणि गोंद पूर्ण पारदर्शक होईस्तोवर गाडी हलवायची नाही. एरवीही गाडी उचलायची ती खालून, तळाला दोन्ही हात देऊन. आरसे, वायपर, अँटेना ही पकडायची जागा नव्हे. सुती हातमोजे घालून चकचकीत रंगावर हात घसरतो, नायट्राइलचे बरे. उघड्या हातांना घाम असतो, घामात मीठ.

काकांच्या किड्याबद्दलही सांगायला हवं, कारण तो खराच वाईट आहे. फक्त सहा पायांचा नाही. या गाड्या ज्या मिश्रधातूच्या ओततात त्यात बहुतांश जस्त आणि चारेक टक्के अॅल्युमिनियम असतं. त्यात शिसं, कथील किंवा कॅडमियम नखभर जास्त मिसळलं, तर धातूच्या कणांच्या सांध्यांमधून गंज शिरतो. शिशाची मर्यादा ०.००५ टक्क्यांच्या आसपास धरतात, यावरून 'नखभर' म्हणजे किती ते कळेल. धातू फुगतो, रंगाखाली तडे जातात, मग दार बसेनासं होतं आणि शेवटी बोटांत चुरा येतो. १९३०च्या दशकातल्या डिंकी या ब्रिटिश खेळण्यातल्या गाड्यांचं हे दुखणं संग्राहकांना तोंडपाठ आहे. वितळत्या जस्तात शिसं मिसळलं जाई. हा रोग ओतकामातच लागतो. त्याला औषध नाही, दमट ऊब त्याचा वेग मात्र वाढवते. शेजारच्या गाडीला तो लागत नाही, कितीही लोक तसं सांगोत.

तेव्हा खरं काम हवेचं आहे. कपाटात एक आर्द्रतामापक ठेवायचा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघायचं. खूप कोरडंही नको, खोक्यांचे पुठ्ठे वाकतात, गोंद सुटतो. सिलिका जेल ठेवावं, पण फटींचं दार असेल तर ते बिचारं अख्ख्या खोलीची हवा सुकवायला बघतं आणि लवकरच मान टाकतं. केशरी दाणे हिरवे झाले की ते तृप्त झाले असं समजायचं, मग ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तासदोन तास. कपाटही निवडून घ्यावं. कच्च्या एमडीएफमधून, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीतून, आणि काही लाकडांतून आम्लाची वाफ सुटत राहते, ती जस्ताला आणि शिशाला खाते. बाहेरच्या भिंतीला, स्नानगृहाच्या भिंतीला किंवा स्वयंपाकघराच्या वाऱ्यात ते लावू नये. तेलकट धूर गाडीवर बसला की धूळ पुसली जात नाही, ती चोळली जाते.

धुळीला लोक हसतात. त्यांनी प्रमाण लावून बघावं. ०.१ मिलीमीटरचा कण एकास चौसष्ट गाडीवर पडला, तर तो सहा मिलीमीटरहून मोठ्या खड्यासारखा दिसतो. केस पडला तर दोरखंड. सरकत्या काचांमधली फट ब्रशच्या पट्टीने बुजवावी, तेवढ्याने निम्मा त्रास वाचतो. आत शिरलेली धूळ आधी कॅमेऱ्याच्या हातपंपाने उडवायची, मग मेकअपच्या मऊ, कोऱ्या ब्रशने छतावरून खाली. फडकं सगळ्यात शेवटी, आणि तेही मायक्रोफायबरचं. कोरड्या कापडाने धूळ पुसणं म्हणजे रंगावर पॉलिश पेपर फिरवणं, फक्त सावकाश.

उन्हाचं तर बोलायलाच नको. लाल आणि पिवळे रंग आधी उतरतात, स्टिकर पिवळे पडतात. साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो, म्हणून खिडकीसमोरचं कपाट म्हणजे गाड्यांना शिक्षा. आतला दिवा एलईडीचा असावा. हॅलोजन तापतो, आणि उष्णतेने रेझिनच्या गाड्यांची अंगं वाकतात, चिकटवलेले पत्र्याचे बारीक भाग सुटतात.

टायर हे वेगळंच प्रकरण आहे. मऊ पीव्हीसीच्या टायरमध्ये मऊपणासाठी घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरीनच्या बैठकीत मुरतं. काही वर्षांनी गाडी उचलावी तर टायर चिकटलेला आणि बैठकीत खड्डा. शिवाय किलोभर ओझं वर्षानुवर्षं एकाच जागी पडलं की टायर चपटा होतो, नंतर गोल होत नाही. तळाच्या भक्कम भागाखाली अॅक्रिलिकचे दोन तुकडे असे द्यावेत की टायर आणि फळी यांच्यामधून कागद सरकेल. बाहेरून पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही. फळी काचेची असेल तर एकास अठरासाठी ६ मिलीमीटरची टफन्ड आणि ३० सेंटीमीटर खोल असावी. ८० सेंटीमीटरच्या फळीवर सहा गाड्या, दोन गाड्यांत बोट जाईल एवढी जागा. जागा आहे म्हणून सातवी घुसवली की दोन गाड्यांचे आरसे एकमेकांत अडकतात.

मूळ खोकं टाकू नये, पण गाडी त्यात वर्षानुवर्षं कोंडूनही ठेवू नये. थर्मोकोल थेट रंगाला टेकला तर दमट हवेत तिथे फोड येतात, मधे आम्लरहित टिश्यू घालावा. बबल रॅप तर नकोच, उष्णतेत रंगावर गोल गोल ठसे उमटतात आणि ते पॉलिशने जात नाहीत. छोट्या गाड्या ज्या पुठ्ठ्याच्या कार्डावर येतात त्यावरच ठेवायच्या असतील तर पीईटीची, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकची संरक्षक डबी घ्यावी, पीव्हीसीची नको. खोक्याचे, क्रमांकाचे आणि गाडीच्या तळाचे फोटो काढून ठेवावेत, विम्यासाठी लागतात आणि भांडणासाठीही.

राहिलं कुलूप. सरकत्या काचांसाठी दात्यांची पट्टी असलेलं कुलूप मिळतं. पट्टी आतल्या काचेच्या कडेला अडकते, कुलूप तिच्यावर सरकत येऊन बाहेरच्या काचेला अडवतं. काचेला भोक पाडावं लागत नाही. मी ते बसवत असताना काका पाठीशी उभे होते.

"घरच्या माणसांना कुलूप?"

"धुळीसाठी, काका."

"धूळ कधीपासून कुलूप उघडायला लागली?" ते थोडे दुखावले होते, ते दिसत होतं. पण लगेच सावरले आणि दुसरी किल्ली कुठे ठेवतोस, असं विचारलं. वेळप्रसंगी असावी म्हणून. मी सांगितलं नाही.