पावकिलोचं विमान आणि आपली गल्ली

अभिनंदन भावा. मामाच्या पोरानं दुबईहून ब्यागेत जीन्सच्या खाली दाबून आणलेला ड्रोन एकदाचा तुझ्या हातात पडला. २०२२ पासून परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे, पण जीन्सखालून आलं की त्याला आयात म्हणत नाहीत, भेट म्हणतात. आता तो उडवायचा कसा ते ऐक, बॉक्समधलं पुस्तक तर तू वाचणार नाहीस, आपल्यात कुणीच वाचत नाही.

पहिल्यांदा उडवायला गावाबाहेरचा माळ बिळ शोधू नको. तिथं बघणार कोण, बाभळी? आपली गच्चीच बरी. स्लॅबमधल्या गजांनी कंपास भंजाळतो आणि स्क्रीनवर लाल अक्षरात काहीतरी यायला लागतं, ते बोटानं बाजूला सार. सॅटेलाइट पकडेपर्यंत दोन मिनिटं थांबायचं असतं, नाहीतर आपलं घर कुठंय हेच ड्रोनला कळत नाही, पण खाली गल्लीतली पोरं मान वर करून उभी असताना कोण थांबतंय.

संभाजीनगरात तर लैच सोय. विमानतळ चिकलठाण्याला, म्हणजे गावातच. २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत रेड झोन, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही, ५ ते ८ पर्यंत यलो, तिथं जमिनीपासूनच परवानगी लागते, आणि ८ ते १२ मध्ये २०० फुटांच्या वर जायचं तर परत विचारा, त्याच्या बाहेर ४०० फुटांपर्यंत मोकळं. म्हणजे विमानतळाजवळच्या मुकुंदवाडीत राहणाऱ्यानं ड्रोन शोकेसमध्ये ठेवून त्याला हार घालायचा. डिजिटल स्काय या सरकारी साइटवर नकाशा आहे, आपला एरिया कुठल्या रंगात येतो ते दोन मिनिटात दिसतं, म्हणून तर तो उघडायचा नाही. कुणी टोकलंच तर म्हणायचं, २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. हे खरंय. फक्त सर्टिफिकेटची सूट म्हणजे रेड झोनची सूट नाही आणि दंड १ लाखापर्यंत आहे, ते दबक्या आवाजातसुद्धा बोलायचं नाही. आणि पावकिलो म्हणजे काय रे, पावकिलो वांगी. ४०० फुटावरून, म्हणजे चाळीस मजल्यांवरून, डोक्यात पावकिलो वांगी पडली तर माणूस भरीत करून खातो. वांग्याला फिरते पंखे नसतात एवढाच काय तो फरक.

टायमिंग मे महिन्यातली भर दुपार धर. बहुतेक कंपन्या ४० डिग्रीच्या वर उडवू नका म्हणतात, पण त्यांनी परभणी बघितलेली नाही. बॅटरी पुरीसारखी फुगली तर ती चार्जिंगला लावून वरून उशी ठेव आणि जेवायला जा.

रात्री उडवायचा तर गावाकडं जाऊन उडव. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, संभाजीनगरकडच्या खेड्यांत रात्री ड्रोन दिसायले म्हणून लोकं काठ्या घेऊन जागत बसली होती. अशा गावात रात्री अकराला लाल-हिरवे लाईट लुकलुकवत पोचलास की पाव्हणचार असा होतो की महिनाभर उताणं झोपता येत नाही.

पाण्याच्या टाकीला लोंबणारं आग्यामोहोळ मात्र जवळून शूट करच. व्ह्यू येतात. माश्या ड्रोनला चावत नाहीत, त्या खाली नळावर उभ्या असलेल्या लोकांना चावतात, तुझं काय जातंय. बीबी का मकबऱ्यावर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तिथला वॉचमन अडवेल, तर बाहेर चहाच्या गाड्यामागून उडव, म्हणजे खात्याला पत्ताच लागणार नाही की गुंबदावर घोंगावणारं ते काय होतं.

सिग्नल तुटला की रिटर्न टू होम आहेच. तो आधी ठरलेल्या उंचीवर जातो आणि तिथून सरळ रेषेत घराकडं निघतो. ती उंची तू कधी सेट केलेली नसतीस, मधे मोबाईलचा टॉवर, महावितरणच्या तारा, संक्रांतीपासून अडकलेला मांजा, आणि गच्चीवर देशमुख काकूंनी जुन्या लुगड्यावर घातलेल्या कुरड्या. चार दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून घातलेल्या कुरड्या. ड्रोन खाली येताना पंख्याचा वारा लागतो, लुगडं उडतं, काकू लाटणं घेऊन येतात, आणि तू स्क्रीनवर हे सगळं फोर केमध्ये लाईव्ह बघतोस, शेवटची फ्रेम लाटण्याची.

आता ड्रोन काकूंच्या गव्हाच्या कोठीत आहे. आणायला जाताना एकटा जाऊ नको, आईला पुढं घाल, आणि हातात रिमोट दिसू देऊ नको. आणि त्या म्हणतील बस, तर बस. वाटायला अजून दोन किलो गहू भिजत पडलाय.