युनिफॉर्म सारखा, कागद वेगळा

आयटीआयचे निकाल लागले की एक मेसेज दरवर्षी फिरतो. यंदा तो मला माझ्या भाच्याने पाठवला, खाली एवढंच: "मामा, खरं आहे का?"

मेसेज असा: "अप्रेंटिस म्हणजे सरकारमान्य वेठबिगारी. कामगाराएवढं राबवतात आणि हातावर चिल्लर ठेवतात. शिकवत काहीच नाहीत, झाडू मारायला लावतात. वर्ष संपलं की गेटबाहेर. त्या सर्टिफिकेटला कुत्रं विचारत नाही. त्यापेक्षा सरळ कॉन्ट्रॅक्टवर लागा, 15 हजार घ्या."

मी फिटर आहे. दोन वर्षं आयटीआय, एक वर्ष अप्रेंटिस आणि त्यानंतर आजपर्यंत पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये, म्हणजे जिथे कारखान्याचे साचे आणि डाय बनतात तिथे. भाच्याला फोनवर जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो.

आधी "सरकारमान्य वेठबिगारी". हा शब्द कुठून आला ते मला ठाऊक आहे. आपल्या पट्ट्यात कित्येक वर्षं 'नीम ट्रेनी' नावाची पोरं लाइनवर उभी असायची. ती तंत्रशिक्षण परिषदेची वेगळी योजना होती, मध्ये एजन्सी असायची आणि 'ट्रेनिंग'च्या नावाखाली सरळ उत्पादन काढून घेतलं जायचं. त्या पोरांचा राग खरा होता. ती योजना आता बंद झाली आहे. पण अंगातला शर्ट तोच, कँटीन तेच, त्यामुळे बाहेरच्या माणसाला नीमवाला, ठेकेदाराचा आणि अप्रेंटिस एकसारखेच दिसतात. अप्रेंटिस 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येतो. त्याचा कंपनीशी करार होतो आणि तो करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. मेसेज लिहिणाऱ्याने तिघांना एकाच पोत्यात भरलंय.

"कामगाराएवढं राबवतात, चिल्लर देतात." यातलं अर्धं बरोबर आहे. कायदा अप्रेंटिसला कामगार मानत नाही, शिकाऊ मानतो. म्हणून पगार नाही, स्टायपेंड, म्हणजे विद्यावेतन. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान 7 हजार, डिप्लोमावाल्याला 8, पदवीधराला 9 ठरले होते. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्याला हे पुरत नाही, मलाही त्या काळी पुरत नव्हतं, घरून डबा यायचा म्हणून निभावलं. पण शिकाऊ मानण्याची दुसरी बाजूही आहे. शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइम लावता येत नाही आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. पी.एफ. मात्र मिळत नाही, हे मेसेजवाल्याला हवं तर आणखी एक मुद्दा म्हणून देऊन टाकतो.

आणि कंपनीला यात खरंच लॉटरी लागते का? 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. नाही घेतले तर दंड किती? कमी पडलेल्या प्रत्येक जागेमागे महिन्याला 500 रुपये, तीन महिन्यांनंतर 1000. म्हणजे अंग काढून घ्यायचं असेल त्याला पोरगं घेण्यापेक्षा दंड भरणं स्वस्त पडतं. (कायदा किती मऊ आहे हेही यातूनच दिसतं.) वर नवा पोरगा पहिल्या दोन-तीन महिन्यांत टूल मोडतो, जॉब रिजेक्ट करतो आणि एका जुन्या माणसाचे रोज दोन तास खातो. मी खाल्लेत, म्हणून सांगतो.

"शिकवत काहीच नाहीत." इथे थोडं थांबू.

आयटीआयत मी मेल-फिमेल जॉब, म्हणजे एकमेकांत बसणारे दोन तुकडे, घासून बसवला होता, गुण्या लावून उजेडाला धरून पाहिला होता, मार्क चांगले पडले होते. टूलरूममध्ये पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींनी माझ्या हातात पंच केलेला पत्र्याचा तुकडा दिला आणि विचारलं, "डाय कुठे सैल आहे?" मला हसूच आलं. डाय तर प्रेसवर होती, हातात नुसता तुकडा. त्यांनी माझं बोट धरून तुकड्याच्या कडेवरून फिरवलं. एका बाजूला बर, म्हणजे कापताना कडेला उरलेली खरखरीत कोर, जास्त लागत होती. पंच आणि डायमधली फट त्या बाजूला जास्त होती. ही गोष्ट पुस्तकात असेलही, पण बोटाला ती तिथे कळली.

झाडूही मारला. पाळी संपली की आपलं मशीन आपण पुसायचं, खालच्या चिप्स, म्हणजे धातूचा कीस, आपण गोळा करायच्या. चिप्स भरताना मिस्त्री ओरडायचे, "निळी पडलीय बघ, टूल तापतंय." वर्षभर नुसता झाडूच हातात असेल तर ती फसवणूक आहे. त्यासाठी प्रत्येक ट्रेडचा अभ्यासक्रम छापील असतो आणि तक्रारीला तोच शिकाऊ उमेदवारीचा सल्लागार असतो. तक्रार न्यायची ते आयटीआयच्या आवारातलं मूलभूत प्रशिक्षण केंद्र कुठे आहे, ते पोरांनी पहिल्याच दिवशी पाहून ठेवावं. आणि एक कबुली: 2014 च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना स्वतःचे 'ऐच्छिक' ट्रेड आखता येतात. त्यांतले काही चांगले आहेत, काही म्हणजे असेंब्ली लाइनला दिलेलं गोंडस नाव. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन यांसारखा सरकारने नेमलेला ट्रेड मिळत असेल तर तोच धरावा.

"वर्ष संपलं की गेटबाहेर." हो, कायद्यात नोकरीची हमी नाही. याच दुखण्यावर 20 मार्च 2018 ला माटुंगा-दादरजवळ रेल्वेच्या अप्रेंटिसनी रुळांवर बसून सकाळच्या लोकल अडवल्या होत्या. रेल्वेत त्यांना खालच्या श्रेणीच्या भरतीत 20 टक्के जागा राखीव होत्या, त्यांना सगळ्यांची थेट भरती हवी होती. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं की इतर गोष्टी समान असतील तर प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्या. प्राधान्य, हमी नव्हे. ज्या जर्मनीचं उदाहरण सगळे देतात तिथेही परीक्षा पास झाली की करार संपतो.

सर्टिफिकेटबद्दल एवढंच: नेमलेल्या ट्रेडची परीक्षा कंपनी घेत नाही, ती अखिल भारतीय असते. म्हणून तो कागद दुसऱ्या कंपनीच्या गेटवरही चालतो. आमच्याकडे टूलरूमसाठी माणूस घेताना मी आधी तो पाहतो आणि मग हातात मायक्रोमीटर देतो.

राहिले ते 15 हजार. घरी अडचण असेल तर घे म्हटलं, त्यात लाज नाही. पण ठेकेदार तुला असेंब्ली लाइनच्या एका स्टेशनवर उभा करेल आणि तीन वर्षांनीही तू त्याच स्टेशनवर तेच चार बोल्ट आवळत असशील.

भाच्याने परवा ऑफर लेटरचा फोटो पाठवला. वर ठळक अक्षरात 'अप्रेंटिस', खाली ठेकेदाराचा शिक्का आणि करार नोंदणी क्रमांकाची जागा कोरी. तिथे जाऊ नको म्हटलं. दुसरीकडे अर्ज केलाय त्याने. सोमवारी मुलाखत आहे, रविवारी माझ्याकडे व्हर्नियर वाचायला येतोय.