कोड ४३ आला म्हणजे एनव्हिडियाने अडवलं, हे आता खरं नाही

लिनक्स होस्टवर (मुख्य मशीनवर) केव्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारी कर्नलमधली सोय, त्यात गेस्ट म्हणून विंडोज आणि त्या विंडोजच्या ताब्यात एक अख्खं ग्राफिक्स कार्ड, अशी मांडणी करणाऱ्यांपैकी बहुतेकांना कधी ना कधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ दिसतो. मदत मागितली की एक ठरलेलं टिपण हातावर ठेवलं जातं. त्याचा सारांश असा: एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांचा ड्रायव्हर व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) ओळखतो आणि मुद्दाम बंद पडतो. म्हणून केव्हीएम लपवा, कार्डाची रॉम फाइल (त्याच्या फर्मवेअरची प्रत) जोडा, डिव्हाइसेसचे गट सुटे दाखवणाऱ्या एसीएस पॅचचा कर्नल टाका. एवढं करूनही चाललं नाही तर सरळ एएमडीचं कार्ड घ्या.

यातला एकेक उपाय कोणत्या ना कोणत्या मशीनवर लागू पडलेला आहे. पण सगळे एकदम लावले की मूळ दोष झाकला जातो आणि नवे दोष आत शिरतात.

पहिला दावा, ड्रायव्हर मुद्दाम बंद पडतो. मार्च २०२१ पर्यंत हे खरं होतं. त्या महिन्यात आलेल्या ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून एनव्हिडियाने विंडोज गेस्टमध्ये जीफोर्स पासथ्रूला, म्हणजे कार्ड थेट गेस्टला देण्याला, अधिकृत मुभा दिली. डेस्कटॉपवर केप्लर पिढीपासूनची कार्डं त्यात येतात. म्हणजे गेस्टमधला ड्रायव्हर ४६५ किंवा त्यापुढचा असेल, तर लपवाछपवीची गरजच नाही. ती लागते फर्मीसारख्या त्याआधीच्या कार्डांना (जीटीएक्स ४००, ५००), कारण त्यांचा विंडोजचा ड्रायव्हर ३९१.३५ वर थांबला.

नुसतं केव्हीएम लपवल्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते त्याच टिपणातल्या पुढच्या ओळीने, सीपीयूचं ‘हायपरव्हायझर’ हे फीचर बंद करण्याने. आपण व्हीएममध्ये आहोत हे विंडोजला त्याच खुणेवरून कळतं आणि मगच ते हायपर-व्हीच्या (मायक्रोसॉफ्टच्या हायपरव्हायझरच्या) वेग वाढवणाऱ्या सवलती वापरतं. खूण काढली की टायमरसारख्या साध्या कामांनाही वारंवार व्हीएममधून बाहेर यावं लागतं, गेम अडखळतात आणि दोष कार्डावर जातो. ती ओळ आधी काढा.

मग ४३ चा अर्थ काय? ड्रायव्हरने ‘या डिव्हाइसमध्ये अडचण आहे’ असं कळवलं, म्हणून विंडोजने ते थांबवलं, इतकाच. अडचण कोणती, ते या आकड्यात नसतं. ते होस्टच्या लॉगमध्ये असतं आणि शोध तिथूनच सुरू व्हायला हवा.

आधी ‘एलएसपीसीआय’ ही डिव्हाइसेसची यादी देणारी आज्ञा चालवून कार्डाच्या प्रत्येक फंक्शनवर (स्वतंत्र भागावर) कोणता ड्रायव्हर बसलाय ते पाहा. चित्र आणि आवाज ही दोन तर असतातच. एनव्हिडियाच्या ट्युरिंग पिढीच्या अनेक कार्डांवर यूएसबी कंट्रोलर आणि टाइप-सीचा कंट्रोलर धरून चार असतात. चारही ‘व्हीएफआयओ-पीसीआय’कडे, म्हणजे कार्ड गेस्टसाठी राखून ठेवणाऱ्या ड्रायव्हरकडे हवीत. आवाजाचं फंक्शन होस्टच्या साउंड ड्रायव्हरने आधीच उचललेलं असणं ही नेहमीची चूक. ड्रायव्हर लोड करणाऱ्या मॉडप्रोबच्या सेटिंगमध्ये त्या ड्रायव्हरसाठी ‘सॉफ्टडेप’ची ओळ घालून व्हीएफआयओ आधी लोड होईल असं करावं लागतं.

मग ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नलचा लॉग पाहा. त्यातला ‘बार’ म्हणजे कार्डाच्या मेमरीला दिलेली पत्त्यांची जागा. ‘बार १: कान्ट रिझर्व्ह’ अशी ओळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर होस्टचा बूट फ्रेमबफर (बूट होताना पडदा दाखवणारी सोय) कार्डाची मेमरी धरून बसला आहे. ‘प्रोक’मधल्या ‘आयओमेम’ फाइलमध्ये त्या पत्त्यांवर ‘बूटएफबी’, ‘ईएफआयएफबी’ किंवा ‘सिम्पलएफबी’ असं नाव दिसेल. जुनी टिपणं इथे ईएफआयएफबी बंद करायला सांगतात, पण कर्नल ५.१५ च्या सुमारापासून ते काम पुष्कळ ठिकाणी ‘सिसएफबी’कडे गेलं आणि जुना पर्याय निष्प्रभ ठरला. तिथे बूट ओळीत ‘सिसएफबी इनिट’ला ‘इनिटकॉल ब्लॅकलिस्ट’मध्ये टाकावं लागतं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे बायोसमध्ये तेच पहिला डिस्प्ले म्हणून निवडायचं. मग होस्ट कार्डाला हातच लावत नाही.

कोड १२ दिसला तर तो वेगळा रोग, पत्ता-जागा अपुरी पडण्याचा. रिसायझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी एकदम दाखवणारी सोय) चालू असलेलं २४ जीबीचं कार्ड ३२ जीबीची पत्ता-जागा मागतं आणि जुन्या ओव्हीएमएफची (गेस्टच्या यूईएफआय फर्मवेअरची) ६४-बिट खिडकी मुळात ३२ जीबीचीच, त्यामुळे बाकी डिव्हाइसेसना जागा उरत नाही. ती ६५५३६ एमबी करावी, किंवा ओव्हीएमएफ नवं घ्यावं. लॅपटॉपच्या काही कार्डांवर मात्र ४३ येतो, कारण त्यांना बॅटरी दिसल्याशिवाय चालायचं नसतं. त्यांना खोट्या बॅटरीचं एसीपीआय टेबल (गेस्टला हार्डवेअरची माहिती देणारा तक्ता) द्यावं लागतं.

दुसरा दावा, रॉम फाइल हवीच. होस्ट ज्या कार्डावर बूट होतो, तेच व्हीएमला द्यायचं असेल तरच बहुधा ही वेळ येते. लॉगमध्ये रॉमची सही ‘एए५५’ अपेक्षित असताना ‘एफएफएफएफ’ मिळाली अशी तक्रार येते, ती हीच. दुय्यम कार्डाची रॉम क्यूईएमयू (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःच वाचतं. ही फाइल कार्डावर फ्लॅश होत नाही, फक्त गेस्टला दाखवली जाते, त्यामुळे कार्ड कायमचं बिघडेल ही भीतीही नको. पण दुसऱ्याच्या कार्डाची उतरवून घेऊ नका. एकाच मॉडेलमध्ये मेमरी चिप वेगळ्या असू शकतात आणि रॉमही. दुसऱ्या डिस्प्लेवर बूट करून सिसएफएसमधल्या (कर्नलच्या ‘सिस’ फोल्डरमधल्या) कार्डाच्या ‘रॉम’ फाइलीत १ लिहा, ती वाचून साठवा, परत ० लिहा. साठवलेली फाइल ‘५५ एए’ या दोन बाइटनी सुरू व्हायला हवी (लॉगमध्ये हेच उलट क्रमाने दिसतात). विंडोजवरच्या जीपीयू-झेड प्रोग्रामने काढलेल्या फाइलीत त्याआधी जादा हेडर असतो, तो कापावा.

तिसरा, एसीएस पॅच. कोड ४३ शी याचा संबंध नाही, आणि ते सहज पडताळता येतं: आयओएमएमयू गटाची (एकमेकांपासून वेगळ्या न करता येणाऱ्या डिव्हाइसेसच्या गटाची) अडचण असेल तर ‘गट व्हायेबल नाही’ असा निरोप देऊन क्यूईएमयू सुरूच होत नाही. विंडोज उघडून ४३ दिसतोय म्हणजे ती पायरी पार झाली. गटात पीसीआयई पूल दिसला म्हणून घाबरू नये, तो ‘पीसीआयईपोर्ट’ ड्रायव्हरकडेच राहू द्यावा. गटात खरोखर सॅटा किंवा लॅनचा कंट्रोलर असेल तर कार्डाचा स्लॉट बदला. एएमडीच्या साध्या एएम४ बोर्डांवर पहिला लांब स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि बहुधा स्वतंत्र गटात येतो. चिपसेटचे स्लॉट एका गठ्ठ्यात. पॅच हार्डवेअरला वेगळं करत नाही. डिव्हाइसेस वेगळी आहेत असं कर्नलला मानायला लावतो. एका स्विचखालची दोन डिव्हाइसेस आयओएमएमयूला वळसा घालून एकमेकांशी बोलू शकतात, आणि गेस्टने रॅम समजून केलेलं लेखन शेजाऱ्याकडे जाऊ शकतं. ज्या होस्टवर घरचा डेटा आहे तिथे हा धोका पत्करू नये.

राहिला एएमडीचा सल्ला. एएमडीची पोलारिस, व्हेगा आणि ‘नावी १०’ (आरएक्स ५०००) मालिकेची कार्डं गेस्ट बंद झाल्यावर नीट रीसेट होत नाहीत. पहिल्यांदा चालतं, गेस्ट पुन्हा सुरू केला की काळा पडदा. त्यासाठी ‘व्हेंडर-रीसेट’ मॉड्यूल लागतं, आणि कर्नल ५.१५ पासून कार्डाच्या ‘रीसेट मेथड’ फाइलीत ‘डिव्हाइस स्पेसिफिक’ असंही लिहावं लागतं. आरएक्स ६००० मध्ये रीसेट पुष्कळ सुधारला, पण रिसायझेबल बार चालू असला तर तिथेही कोड ४३ येऊ शकतो. बायोसमध्ये तो बंद करावा, नाहीतर व्हीएफआयओ बसण्याआधी ‘रिसोर्स२ रिसाइझ’मध्ये ३ लिहून बार २ आठ एमबीवर आणावा.